नाचियार्कोविलला ठेवलेलं प्रस्थान

आमच्या अप्पांनी आयुष्यात एकदाही जहाजात पाऊल ठेवलं नाही, आणि तरीही कुंभकोणमात कुणाला जहाजानं जायचं असलं की तो माणूस आधी आमच्या घरी यायचा. पिनांगला पितळेच्या समया पाठवणारे व्यापारी यायचे, सिंगापुरात मुलगा असलेले म्हातारे यायचे, मलायात रबराच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून चाललेले तरुण यायचे. गावातल्या मेलकावेरी भागात आमचं घर, त्याच्या ओट्यावर बसायचे, कॉफी प्यायचे, आणि अप्पा त्यांना समुद्र समजावून सांगायचे.

अप्पांचा अधिकार एवढाच, की लग्नाआधी दीड वर्ष त्यांनी नागपट्टणात जहाजांच्या एका एजंटाकडे कारकुनी केली होती. नागपट्टणला जहाज धक्क्याला लागत नाही, दूर समुद्रात उभं राहतं आणि माणसं पडावातून तिथवर जातात. अप्पांनी दीड वर्ष माणसं त्या पडावात चढवली. स्वतः पडावातही बसले नाहीत. पुढं आजोबा आजारी पडले म्हणून ते कुंभकोणमला परत आले, सहकारी बँकेत चिकटले, आणि येताना जहाजांच्या आतल्या नकाशांची एक चळत घेऊन आले. ती चळत आमच्या घरात पोथ्यांच्या फडताळात असायची.

मला सगळ्यात चीड यायची ती याची, की त्यांचा सल्ला बरोबर असायचा. जाऊन आलेली माणसं परत येऊन तसं सांगायची. केबिन जहाजाच्या मध्यावर घ्या, टोकांना हेलकावे जास्त. खालचा बर्थ घ्या. पूर्वेला जाताना डाव्या बाजूची केबिन मागा, दिवसभराचं ऊन उजवीकडून जातं. पहिल्या दिवशी पोटभर जेवू नका, पण उपाशीही राहू नका, कोरडं काहीतरी थोडं थोडं खात राहा. सुंठ जवळ ठेवा. मळमळलं तर पायाजवळच्या पाण्याकडे बघू नका, दूर जिथं आकाश टेकतं तिथं बघा. मोठी पेटी जहाजाच्या तळाशी जाते आणि पोचेपर्यंत हाताला लागत नाही, म्हणून वाटेत लागणारं सगळं लहान पेटीत भरा, आणि दोन्ही पेट्यांवर तीन बाजूंनी नाव रंगवून घ्या. केबिनच्या नोकराला बक्षीस निम्मं पहिल्या दिवशी द्या नि निम्मं उतरताना. घड्याळ रोज थोडं पुढं करा, म्हणजे पोचल्यावर झोपेचा घोळ होत नाही.

त्या वर्षी मी टायपिंगच्या क्लासला जात होते. अप्पांनी ही संधी कशी सोडावी? पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरची बोली मराठीच, म्हणून ते मराठीत सांगत, मी इंग्रजी करून टाइप करी, तीन कार्बन घालून. मशीन इंग्रजीच होतं, आणि सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण छापल्यासारखा कागद हातात आला की त्यांना बरं वाटे. मी परीक्षेच्या सरावाचे उतारे सोडून सुंठ आणि डाव्या बाजूची केबिन टाइप करीत बसे. मास्तर एकदा म्हणाले की तुझ्या वडिलांच्या सूचनांमुळं तुझा वेग वाढला. मला ते कौतुक मुळीच नको होतं.

अक्का, माझी मोठी बहीण, लग्न होऊन पिनांगला गेली होती. मेव्हणे तिथं एका कचेरीत होते. पहिल्या खेपेला तिचं सहाव्या महिन्यात गेलं. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी तिला प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. एरवी पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. इथं माहेरालाच उठून लेकीकडे जायला हवं होतं. सासरी बाईमाणूस कुणी नव्हतं, सासू कधीच वारलेली. मेव्हण्यांचं पत्र आलं, त्यात पौषात दिवस भरतील असं होतं, आणि खाली अक्कानं स्वतःच्या अक्षरात एकच ओळ लिहिली होती, की आईला वेळेवर पाठवा, मला भीती वाटते.

आईनं पत्र दोनदा वाचायला लावलं आणि उठून ट्रंक काढली. अप्पांनी जहाजाचे नकाशे काढले.

पुढचा दीड महिना काय सांगू. बाहेरच्या माणसाला अप्पा तासाभरात मोकळं करीत, पण इथं घरचं माणूस जाणार होतं. पासपोर्टचा फोटो तीनदा काढला, कारण पहिल्या दोहोंत आईचा एक कान दिसत नव्हता. देवी टोचून घेतल्या, कॉलऱ्याची सुई घेतली, दंड सुजला तर अप्पा म्हणाले सुजायलाच हवा, म्हणजे लस लागू पडली. तिरुवलंचुळीचा पांढरा विनायक समुद्राच्या फेसाचा म्हणून समुद्रावर जाणाऱ्यानं त्याचं दर्शन घ्यावं, हे मला मान्य होतं, पण त्यासाठी तीन वेळा बसनं जायचं काय कारण? पहिल्यांदा नारळ चांगला निघाला नाही आणि दुसऱ्यांदा अप्पांच्या मनाला समाधान वाटलं नाही.

आईला बर्थची सवय व्हावी म्हणून दुपारी ओट्यावरच्या अरुंद बाकावर झोपायला लावलं. ती झोपली. मग माळ्याच्या शिडीवर चढायचा सराव सुरू झाला. पडाव लाटेवर वरखाली होतो, तेव्हा जहाजाच्या शिडीवर पाय टाकण्याची वेळ चुकली की माणूस गेलं, असं अप्पांचं म्हणणं. आई नऊवारीचा काचा घट्ट मारून, खांद्यावर बोचकं घेऊन माळ्याची शिडी चढे आणि अप्पा खालून शिडी गदागदा हलवत. शेजारच्या बायका बघायला येत. आई उतरून पुन्हा चढे. मीच एकदा ओरडले, की तिला पाडून हातपाय मोडाल तर जहाजच नको. तेव्हा अप्पांनी मला सांगितलं की नागपट्टणात त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाई पडाव आणि जहाज यांच्या मध्ये सापडली होती. तिला पडावात त्यांनीच हात देऊन चढवलं होतं. हे त्यांनी आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी पुढं होऊन शिडी धरली. शिडी मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशीही हलवली.

तिकीट एकदाचं झालं. मधली केबिन, डावी बाजू, खालचा बर्थ. जहाज सोमवारी सुटणार होतं. आणि सोमवारी पूर्वेला जायचं नसतं, दिशाशूल असतो. जहाजाला तर काही तिथीवार नाही. अशा वेळेसाठी आमच्यात प्रस्थान ठेवतात. चांगला दिवस बघून जाणाऱ्याची एक गाठोडी घराबाहेर काढायची, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायची, म्हणजे माणूस त्या मुहूर्तावर निघालं असं धरलं जातं. गाठोडी एकदा उंबऱ्याबाहेर गेली की परत घरात आणायची नाही. आणि आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणं माणसानं तिच्यामागून पाच दिवसांत निघायचं. अप्पांनी गुरुवार काढला. गुरुवार ते सोमवार, बरोबर पाच दिवस. ते फार खूष होते.

गाठोडीत तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि जाणाऱ्याच्या जिवाभावाची एक वस्तू बांधतात. आईनं स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवलं होतं, ते तिनं काढून पाटावर ठेवलं. अप्पांनी ते उचलून बाजूला केलं. म्हणाले, दुपटं पेटीत जाईल, प्रस्थानात कागद जातील. पासपोर्ट, मलायात शिरायचा परवाना, टोचल्याचे दाखले आणि तिकीट. प्रवासात यांच्याहून मोलाचं काय आहे? धक्क्यावर येऊन रडणारी माणसं त्यांनी पाहिली होती, कुणाचा दाखला घरी राहिला, कुणाचा परवाना. हे सगळं आधीच वाटेवर जाऊन पडलं की विसरायची भीतीच नाही. मी विचारलं, मधेच लागले तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी टायपिंगच्या परीक्षेत नापास झाले आहे.

गुरुवारी सकाळी अप्पा गाठोडी घेऊन बसनं नाचियार्कोविलला गेले. नागपट्टणची वाट तिकडूनच जाते. तिथं समया ओतणारं एक घर होतं. त्यातला थोरला अप्पांच्या सल्ल्यानं पिनांगला जाऊन आला होता, त्यामुळं त्या घराला अप्पांचं मोठं अप्रूप. त्यांनी गाठोडी देवापाशी ठेवून घेतली. सोमवारी बसनं जाताना ती घ्यायची आणि पुढं जायचं असं ठरलं होतं.

रविवारी एजंटाची तार आली. बंगालच्या उपसागरात वादळ आहे, जहाज शुक्रवारी सुटेल.

मला त्यात काही वाईट वाटलं नाही. उशीर झाला तरी चार दिवसांचा. आईनं वाटेसाठी केलेलं खाणं शेजारी वाटून टाकलं आणि पुन्हा करायला घेतलं. सोमवारी अप्पा पोस्टात गेले, परत आले, कुणाशी काही बोलले नाहीत. मंगळवार, बुधवार, गुरुवार आई भाजत होती, दळत होती, डबे भरत होती. अप्पा ते बघत होते. बघत होते आणि तरी तोंडातून शब्द काढला नाही, हे मला आजही समजत नाही. रागावणारा माणूस परवडला. गप्प बसणाऱ्यापुढं काय करायचं?

शुक्रवारी आई पहाटे न्हाली, देवाला नमस्कार केला, लुगडं नेसून डबा आणि पिशवी घेऊन बाहेर आली. पेट्या आधीच एजंटाकडे पोचल्या होत्या. अप्पा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी अंगात सदराही घातला नव्हता. आईनं विचारलं की बस किती वाजता. अप्पा म्हणाले, आज नाही जायचं.

मग सगळं बाहेर आलं. पाच दिवस सोमवारीच संपले. प्रस्थान मोडलं. मोडलेल्या प्रस्थानावर समुद्र ओलांडायचा म्हणजे मुद्दाम संकट ओढवून घ्यायचं. नवा मुहूर्त बघून नवं प्रस्थान ठेवायला हवं, म्हणून त्यांनी सोमवारीच एजंटाला तार करून तिकीट पुढच्या जहाजावर टाकलं होतं. ते जहाज बारा दिवसांनी. बर्थ तोच मिळाला आहे, मधला, डाव्या बाजूचा, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. आणि पौषाला अजून महिना आहे, पहिलटकरणीला तर दिवस वरच जातात, हेही सांगितलं. वर्तमानपत्र त्यांच्या हातातच होतं.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. मोठ्यानं बोलले एवढं खरं.  आईनं डबा उचलला, पिशवी खांद्याला लावली आणि उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या. अप्पा म्हणाले, कुठं चाललीस, प्रस्थान मोडलं म्हणून सांगतो आहे ना? तेव्हा आईनं मागं वळून पाहिलं. आमच्या घरात आईनं अप्पांना उलट उत्तर दिलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

"मी निघून आठ दिवस झाले," ती म्हणाली. "तुम्हींच मज काढून बाहेर ठेविलें. निघालेलें माणूस परतून घरांत येतें काय? शास्त्र तुम्हांस ठाऊक, तुम्हींच सांगा."

ती ओटा उतरून रस्त्याला लागली. मी आईच्या मागून पळाले.

नाचियार्कोविलला उतरलो तेव्हा कारखान्यात कानशी चालल्या होत्या. घरातली म्हातारी, तिला सगळे पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत, तिनं गाठोडी आणून दिली आणि एवढा उशीर का म्हणून तमिळमध्ये विचारलं. आई म्हणाली, वादळ होतं. पुढची बस मिळाली, ती तिरुवारूरला अर्धा तास उभी राहिली. ड्रायव्हर उतरून कॉफी पीत बसला. मी खिडकीतून त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याच्या हातातला पेला फेकून द्यावासा वाटत होता.

नागपट्टणला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. जहाज दिसत होतं, लांब, काळं, धूर सोडत उभं. धक्क्यावरून पडाव जात होते. एजंटाच्या कचेरीतल्या कारकुनानं वही उघडली आणि म्हणाला की हा बर्थ मंगळवारीच दुसऱ्या कुणाला दिला, तुमच्याच घरून तार आली होती. आई म्हणाली, मग मला डेकवर बसवा. तो बिचारा वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं की डेकच्या उतारूंची डॉक्टरी तपासणी कालच होऊन गेली, यादी बंद झाली, आता कप्तानही कुणाला घेऊ शकत नाही. आईनं गाठोडी सोडून टेबलावर एकेक कागद मांडला. पासपोर्ट, परवाना, दोन्ही दाखले. तांदळाचे दाणे त्याच्या वहीवर सांडले. त्यानं ते कागद बघितले, सगळे अगदी बरोबर आहेत म्हणाला, आणि परत दिले.

आम्ही धक्क्यावर जाऊन उभ्या राहिलो. ऊन फार होतं. शेवटचा पडाव रिकामा परत आला. जहाज हळूहळू वळलं आणि त्याची डावी बाजू आमच्याकडे आली. घरी बसलेल्या अप्पांबद्दल मी तिथं उभी राहून जे काही बोलले ते मुलीनं बापाबद्दल बोलू नये असं होतं. आईनं मला थांबवलं नाही, पण ती ऐकतही नव्हती. जहाज दिसेनासं झाल्यावर तिनं डबा उघडून मला खायला दिलं.

परतीच्या बसमध्ये ती नाचियार्कोविल आल्यावर उठली आणि उतरायला लागली. मला वाटलं गाठोडी परत ठेवायची असेल. खाली उतरल्यावर ती म्हणाली की तू घरी जा, अप्पांच्या जेवणाचं बघ, मी इथं राहते. मी म्हटलं, बारा दिवस? परक्याच्या घरी? लोक काय म्हणतील? तिनं मला शांतपणे सांगितलं की आता उंबऱ्यात पाय ठेवला तर तुझे अप्पा पुन्हा मुहूर्त बघतील, पुन्हा गाठोडी बांधतील, आणि पुन्हा काहीतरी मोडेल. ती परत येणार नव्हती. पुढं जाणार होती, तोवर वाटेत थांबली होती.

ती खरंच राहिली. समया ओतणाऱ्यांच्या घरामागं एक पडवी होती, तिथं तीन विटांवर स्वतःचा भात शिजवून घ्यायची. सोवळं तिनं सोडलं नाही आणि त्या घरानंही त्याचा राग धरला नाही. पाट्टीनं तिला नवी चटई दिली. मेलकावेरीत मात्र कुजबूज सुरू झाली. नवऱ्याशी भांडून गेली, कासाराच्या घरी राहिली, एक ना दोन. मी रोज सकाळी अप्पांचा स्वयंपाक करायची, टायपिंगच्या क्लासला दांडी मारायची आणि बसनं आईचे कपडे, ताक, लोणचं घेऊन जायची. माझी परीक्षा त्या गडबडीत बुडाली. त्याचं कुणी नावही काढलं नाही.

अप्पाही दुसऱ्या दिवसापासून यायला लागले. ओट्याच्या खाली उभे राहायचे. सुंठ घेतलीस का, घड्याळ रोज पुढं करशील ना, एवढंच बोलायचे. आई नीट उत्तरं द्यायची. घरी चल असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, कारण त्यांच्याच शास्त्राप्रमाणं ती बरोबर होती. चौथ्या दिवशी ते नव्या प्रस्थानाचा मुहूर्त विचारायला शास्त्रीबोवांकडे गेले. मी त्यांच्यासोबत होते. शास्त्रीबोवांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की बाई स्वतःच बाहेर पडल्या आहेत, आता प्रस्थान कसलं ठेवता? आणि पहिलं मोडलं तेव्हा माझ्याकडे का आला नाहीत? एक नारळ फोडून गाठोडी पुढच्या गावी हलवली असती की झालं होतं, आणखी पाच दिवस मिळाले असते.

अप्पा रस्ताभर माझ्यापुढं झपझप चालत राहिले.   एक नारळ, आणि तोही विचारला असता तर. सगळ्या जगाला सल्ला देणाऱ्या माणसाला स्वतः कुणाला काही विचारायचं सुचलं नाही.

बाराव्या दिवशी आम्ही तिघं नागपट्टणला गेलो. समुद्र शांत होता. मी अप्पांना म्हटलं, निदान जहाजापर्यंत तरी तिच्याबरोबर पडावातून जा. ते आले नाहीत. धक्क्यावरच्या एका खांबाला धरून उभे राहिले. मी गेले. पडाव लाटेवर वर आला त्या क्षणी आईनं शिडीवर पाय टाकला आणि न अडखळता वर गेली. मी परत येऊन सांगितलं तेव्हा अप्पांनी डोळे पुसले. मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला.

प्रवास सहा दिवसांचा. चौथ्या दिवशी दुपारी मेव्हण्यांची तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तीन आठवडे आधीच. अप्पांनी तार हातात घेऊन देवापुढं साखर ठेवली, गल्लीत वाटली आणि मला म्हणाले, बघ, सगळं ठीक झालं ना?  आई त्या वेळी समुद्रात होती, मधल्या केबिनमध्ये, डाव्या बाजूला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. अजून दोन दिवस ती बर्थवर पडून दिवस मोजणार होती. मी परसात जाऊन रडले.

महिन्याभरानं अक्काचं मला पत्र आलं. तिनं कुणाला दोष दिला नव्हता. बाळ फार गोरं आहे, आई आल्यापासून मला खाटेवरून उठू देत नाही, असं सगळं होतं. मधेच लिहिलं होतं की दाई चिनी होती, फार चांगली होती, पण मी दीड दिवस मराठीत ओरडत होते आणि ती मला चिनीत धीर देत होती. ते पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं. ती ओळ मुद्दाम दोनदा वाचली. त्यांनी पत्र मागून घेतलं आणि स्वतःशी वाचलं.

आई सात महिन्यांनी परत आली. अप्पांनी तिला घ्यायला जाताना नवा सदरा घातला होता. घरी आल्यावर चार दिवस तिला बोलायला उसंत नव्हती, गल्लीतल्या बायका, बाळाचा फोटो, पिनांगची हकीगत. पाचव्या दिवशी सकाळी एक व्यापारी ओट्यावर आला. त्याची बायको पहिल्यांदाच जहाजानं जाणार होती. अप्पांना हुरूप आला. इतकी वर्षं ते ऐकीव सांगत होते, आता घरातच जाऊन आलेलं माणूस होतं. त्यांनी आईला बाहेर बोलावलं, हातात कागद नि पेन्सिल घेतली आणि त्या माणसासमोर एकेक विचारायला लागले. आई खांबाला टेकून उभी राहिली आणि सगळ्याची उत्तरं दिली. हो, मध्यावर हेलकावे कमी लागले. डाव्या बाजूला ऊन आलं नाही. सुंठेचा उपयोग झाला. केबिनचा नोकर चांगला वागला. शिडीचा सराव फार कामाला आला, माझ्यामागची एक बाई घाबरून रडत होती. घड्याळ रोज पुढं करीत होते.

अप्पा भराभर लिहून घेत होते. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला तिथं उभं राहवेना. कागद भरत आला तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "आणि कांहीं कमी पडलें काय?"

आईनं जराही आवाज न चढवता सांगितलं, "दोन दिवस."

व्यापाऱ्यानं अप्पांकडे बघितलं. अप्पांनी ते लिहिलं नाही. आई आत गेली आणि तांदूळ निवडायला लागली.